म्हणणे ऐकले

अक्षर चांगलं म्हणून मला रोजनाम्याच्या टेबलावर बसवलं, आणि एकदा बसवलं ते नोकरी संपेपर्यंत मी तिथून उठले नाही. जिल्ह्याच्या ठिकाणचं आमचं कार्यालय. त्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि बाकीच्यांना सगळी कार्यालयं सारखीच. मोंढ्यातल्या बाजार समितीनं एखाद्याचा परवाना नाकारला, मग तो आडत्याचा असो, हमालाचा असो की मापाड्याचा, तर त्याला आमच्या साहेबांकडे अपील करता यायचं. साहेबांनी दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकायचं आणि मग निकाल द्यायचा. निदान नियमात तसं लिहिलेलं आहे.

रोजनामा म्हणजे त्या अपिलाची डायरी. प्रत्येक तारखेचं एक पान. कोण आलं, काय झालं, पुढची तारीख कोणती, हे दोन-तीन ओळींत लिहायचं आणि खाली हजर असलेल्यांच्या सह्या घ्यायच्या. त्या ओळी ठरलेल्या असतात. ‘अपीलार्थी हजर. मा. अधिकारी बैठकीस गेल्याने प्रकरण पुढील तारखेस ठेवले.’ ही ओळ मी इतक्या वेळा लिहिली आहे की अजूनही किराण्याची यादी करायला पेन हातात घेतला की आधी तीच उमटेल अशी भीती वाटते.

कारण साहेब बसायचेच नाहीत. सगळा दोष त्यांचा नव्हता. आज कलेक्टर ऑफिसात बैठक, उद्या व्हिडिओवरची बैठक, परवा निवडणुकीचं काम. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण आमच्या दारावर पाटी म्हणून लावली असती तरी कुणी हरकत घेतली नसती. पण माणसं मात्र यायची. जिंतूरकडून, सोनपेठकडून, पालमच्या पुढून, पहाटेची एसटी धरून. बाकड्यावर बसायची. दुपारी दोनला मी सांगायचे की साहेब आज येत नाहीत, सही करा आणि तारीख घ्या. ती सही करायची आणि जायची. आलं नाही तर गैरहजेरी लागायची, आणि तीनदा गैरहजेरी लागली की अपील निकाली. म्हणजे साहेब दहा वेळा आले नाहीत तरी चालेल, पण अपील करणारा तीनदा चुकला की संपलं.

यातून एक पद्धत पडली होती. ती मी सुरू केली नाही, पण मी ती वाढवली, हे खरं. चार हेलपाटे झाले की माणूस स्वतःच म्हणायचा, “म्याडम, फुडच्या तारखंची सही आत्ताच घिऊन टाका की. सायब नसलेच तर माजा दिवस वाचंल.” मग मी पुढचं कोरं पान काढायचे, वर तारीख टाकायचे, तीन ओळींची जागा सोडायचे आणि खाली सही घ्यायचे. त्या तारखेला साहेब नसले की मी ‘अपीलार्थी हजर’ लिहून टाकायचे. साहेब बसणार असं कळलं की आदल्या दिवशी फोन करायचे. माझ्या ड्रॉवरमध्ये फोन नंबरांची एक वेगळी वही होती. मी स्वतःला लय भली बाई समजायचे. कुणी पेरू आणून द्यायचं, कुणी मेथीची जुडी. मी नको म्हणायचे आणि मग घ्यायचे.

एका मापाड्याचं अपील आलं तेव्हा पाऊसकाळ सरत आला होता. वयानं माझ्याएवढेच असतील, पण आमच्याकडे गावाकडच्या माणसाला मामाच म्हणायची रीत. पांढरा सदरा, टोपी, आणि बाकडं रिकामं असलं तरी उभं राहायची सवय. शेतकऱ्याचा माल मोंढ्यात आला की आडत्याच्या काट्यावर तो मोजून द्यायचा, हे मापाड्याचं काम. हे त्यांनी सव्वीस वर्षं केलं होतं. दरवर्षी परवाना नवा करून घ्यायचा असतो. या वर्षी समितीनं तो नाकारला होता.

कारण दोन ओळींचं होतं. अमुक दिवशी अचानक तपासणी झाली, त्यात अमुक बिल्ला क्रमांकाच्या मापाड्यानं केलेलं सोयाबीनचं माप कमी भरलं. मापात पाप. मापाड्याला याहून वाईट शिवी नाही. गावात लोकांनी रामराम घालणं सोडलं, असं त्यांनी मला पहिल्याच तारखेला सांगितलं.

“अन् म्याडम, त्या दिशी मी काट्याला हातच लावला न्हाई,” ते म्हणाले. “माजा बिल्लाच माज्यापाशी नव्हता. परवाना नवा कराया टाकला तवा बिल्ला जमा करावा लागतो. त्यो मी तीन दिस आदीच समितीत दिलता. ही बगा पावती.”

त्यांनी खिशातून प्लास्टिकची घडी काढली, ती उघडली, आतला कागद उघडला. पावतीवर तारीख होती, शिक्का होता, सही होती. तपासणी झाली त्याच्या तीन दिवस आधीची. ज्याच्या छातीवर बिल्लाच नाही त्यानं त्या बिल्ल्यानं माप कसं केलं, एवढा साधा प्रश्न होता. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला त्या दिवशी खरंच राग आला, आणि हे अपील मंजूर होणार याबद्दल शंकाही वाटली नाही.

त्यांचा अपिलाचा अर्ज कुणीतरी तालुक्याला लिहून दिला होता. त्यात पावतीचा उल्लेखच नव्हता. ‘माझ्यावर अन्याय झाला असून परवाना मिळावा ही विनंती’, एवढंच. त्यांनी विचारलं, ही पावती इथं देऊन जाऊ का? आमच्या कार्यालयात कागद कसे हरवतात हे मला पुरतं ठाऊक. मी म्हणाले, “नको मामा, अस्सल कागद आहे, जपून ठेवा. साहेब बसतील त्या दिवशी त्यांच्या हातात द्या आणि सगळं तोंडानं सांगा.” झेरॉक्स काढून त्या दिवशीच फाईलला लावली असती तर! पण मला सुचलं नाही. साहेब ऐकतीलच, असं मी गृहीत धरून चालले होते.

पाच तारखा झाल्या. पाचही वेळा ते आले, पाचही वेळा साहेब नव्हते. परवाना नसल्यामुळे मोंढ्याचं काम बंद होतं. पाचव्या तारखेला ते म्हणाले, “म्याडम, आता ऊस तोडायला जायलोय. मी अन् मालकीन. मुकादमाकडं नाव दिलंय.”

“या वयात? कधी तोडलाय का ऊस?”

“न्हाई कदी. शिकू.” मग म्हणाले, “फुडच्या तारखंची सही घिऊन ठिवा. सायब बसनार आसले तर मातर फोन करा. मी कुठं बी आसलो तरी येतो. मला लय न्हाई बोलायचं, एवडी पावती तेवडी दावायची हाय.”

मी कोरं पान काढलं. ते सही सावकाश करायचे. आधी सगळी अक्षरं मांडायचे आणि मग वरची रेघ एका दमात ओढायचे. सही झाली. मी वहीत त्यांचा नंबर पुन्हा एकदा तपासून घेतला.

त्या तारखेला साहेब बसणार नव्हते. आदल्या संध्याकाळपर्यंत तसं काहीच नव्हतं. सकाळी मात्र वरून पत्र आलं, जुनी प्रकरणं किती पडून आहेत त्याचा हिशेब द्या. साहेब अकराच्या ठोक्याला खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, आज जेवढी आहेत तेवढी सगळी काढा. मी बाहेर जाऊन मामांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आत एकेक प्रकरण संपत होतं, कुणाची दहा मिनिटं, कुणाची दोन. मी पाच-सहा वेळा लावला असेल. उसाच्या फडात कुठली रेंज?

त्यांची फाईल वर आली तेव्हा मी म्हणाले, “साहेब, हे अपीलार्थी आज आलेले नाहीत. यांना पुढची तारीख द्यावी.”

साहेबांनी रोजनाम्याचं पान उलटलं. “ही सही कुणाची आहे?”

“त्यांचीच.”

“आजच्या तारखेच्या पानावर त्यांची सही आहे, आणि ते आलेले नाहीत?”

साहेबांना ती पद्धत माहीत होती. दोन वर्षं ते याच खुर्चीत होते, आणि त्यांच्या सगळ्या गैरहजेऱ्या याच पद्धतीनं झाकल्या जात होत्या. ते आवाज न चढवता म्हणाले, “मॅडम, दोनपैकी एक. एक तर ते आले होते. नाहीतर तुम्ही कोऱ्या पानावर पार्टीची सही घेऊन ठेवता. कोणतं लिहायचं ते सांगा, तेच लिहू.”

पंखा फिरत होता, समोर पुढच्या प्रकरणाचे वकील घड्याळ बघत होते. मला निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. घरात कमावणारी मी एकटी. हे मी सबब म्हणून सांगत नाही, पण त्या क्षणी डोक्यात तेवढंच होतं, मामा नव्हते.

“लिहा,” साहेब म्हणाले आणि सांगू लागले. ‘अपीलार्थी हजर. तपासणी अहवाल वाचून दाखविला. त्यावर त्यांचे तोंडी म्हणणे ऐकले. प्रकरण निकालासाठी बंद.’

मी लिहिलं. सोडलेल्या तीन ओळींत ते बरोबर मावलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं होतं, हात जरासुद्धा कापला नव्हता. याचं मला आजही वाईट वाटतं.

अपील फेटाळलं गेलं. निकालात लिहिलं होतं की अपीलार्थीस म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी देण्यात आली, परंतु त्यांनी कोणताही पुरावा सादर केला नाही. तो निकाल पोस्टानं त्यांच्या गावी गेला. घराला कुलूप होतं, म्हणून तो शेजाऱ्याकडे राहिला.

ते परत आले तेव्हा उन्हाळा लागला होता. आमच्या दारात उभे राहिले तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. काळे ठिक्कर पडले होते, तळहातांवर चरे. हातात तो निकालाचा कागद.

“म्याडम, माजी सुनावनी झाली म्हनं,” ते म्हणाले. “मी कवा आलतो?”

आता या जागी मी काय बोलायला हवं होतं, ते मला शंभर वेळा सुचलं आहे. त्या वेळी मी ओरडले. “फोन बंद ठेवायचा आणि मग आम्हाला विचारायचं! किती वेळा लावला मी! आणि सही कुणी केली होती? तुम्हीच म्हणालात ना, सही घेऊन ठेवा म्हणून?” सगळं ऑफिस बघायला लागलं. माझा आवाज इतका वर जातो हे मलाही माहीत नव्हतं. ज्याच्यावर अन्याय केला त्याच्यावरच ओरडायचं, म्हणजे आपला गुन्हा ऐकू येत नाही.

ते म्हणाले, “व्हय. सही म्याच केलती.”

एवढंच बोलून त्यांनी कागदाची घडी केली आणि गेले. मी टेबलावरच्या फायली उगाच इकडच्या तिकडे केल्या.

कुणीतरी त्यांना खंडपीठात जायला सांगितलं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ज्याचं ऐकूनच घेतलं नाही त्यानं दुसरं कुठं जावं? तिथं वकिली करणाऱ्या एका बाईंनी त्यांचं प्रकरण घेतलं. त्यांनी आमच्याकडे रोजनाम्याच्या नकलेसाठी अर्ज केला. नकला तयार करायचं कामही माझ्याचकडे. मी पानं काढली, अस्सलाशी ताडून पाहिली, आणि शेवटच्या पानावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून सही केली. खोट्याची ती अगदी खरी नक्कल होती.

नक्कल न्यायला वकीलबाई स्वतः आल्या. पस्तिशीच्या असतील. माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

“त्या दिवशी ते फडात होते, असं ते सांगतात. रेकॉर्ड म्हणतं की ते इथं हजर होते. कोर्ट रेकॉर्डच्या पलीकडे जात नाही, आणि जाऊही नये, नाहीतर कुणीही उठून म्हणेल की मी नव्हतोच. ज्यानं रेकॉर्ड लिहिलं त्यानं सांगितलं तरच ते हलतं. हे अक्षर तुमचं आहे ना?”

“अक्षर माझंच आहे.”

“मग तुम्ही प्रतिज्ञापत्र द्याल? खरं काय झालं, तेवढंच.”

मी म्हणाले, “रोज इतकी प्रकरणं असतात. मला आठवत नाही.”

त्यांनी नकलेची पानं मोजली, पोच दिली आणि त्या उठल्या. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल, असं मी स्वतःला सांगितलं. चौकशी लागली असती, पेन्शन अडकली असती. हे सगळं खरंच होतं. आणि मला सगळं आठवत होतं, अगदी पंख्याच्या आवाजासकट.

याचिका फेटाळली गेली. निकालाची प्रत आमच्या कार्यालयात आली ती मी वाचली. याचिकाकर्त्याने रोजनाम्यावरील आपली सही नाकारलेली नाही. रोजनाम्यावरून त्याला ऐकले गेल्याचे दिसते. बिल्ला जमा केल्याची पावती त्याने त्या वेळी दाखवली नाही, आता दाखवण्याचे कारण दिसत नाही. कोर्टाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कोर्टापुढे माझं अक्षर होतं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मामा पुन्हा आले. मला वाटलं नकला पाहिजे असतील, नाहीतर भांडायला आले असतील. भांडायला आले असते तर बरं झालं असतं.

“तारीख न्हाई काई,” तेच म्हणाले. “सहज आलोय. येळ हाय का पाच मिंटं?”

मी बसा म्हणाले. ते पहिल्यांदा खुर्चीत बसले, अगदी कडेला. टोपी काढून मांडीवर ठेवली. आणि मग सांगायला लागले. माझ्याशी गप्पा मारल्यासारखं नाही, तर साहेबांपुढं उभं राहिल्यासारखं, पाठ केल्यासारखं.

“सोमवारी मी बिल्ला जमा केला. त्येची ही पावती. बिल्ला नसला की काट्याला हात लावता येत न्हाई, म्हनून चार दिस मी लिंबाखाली बसून व्हतो. गुरुवारी तपासनी आली. काट्यावर दुसराच मानूस व्हता, आडत्यानं लावलेला. त्यो तपासनीचे सायब आले तसा पळाला. भितीवर यादी हाय, कोनत्या काट्यावर कोनचा मापाडी. त्या काट्याम्होरं माजा नंबर व्हता. सायबानं यादीवरचा नंबर लिवला. मला कुनी इचारलंच न्हाई. ज्याचं सोयाबीन व्हतं त्यो शेतकरी बी सांगल, माप कुनी केलं ते. सव्वीस वर्सं झाली, सायब, माज्या मापावर कदी कुनी बोट ठिवलं न्हाई. एवडंच हाय.”

‘सायब’ म्हणाले ते, मला. त्यांच्या ध्यानात आलं नसावं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं तर पाच मिनिटंही झाली नव्हती. एवढ्यासाठी पाच हेलपाटे, एक हंगाम आणि एक कोर्ट.

पावती माझ्या टेबलावर होती. मला राहवलं नाही. मी म्हणाले, “मामा, वकीलबाईंनी मला विचारलं होतं. मी आठवत नाही म्हणाले.”

“ठाव हाय. त्यांनी सांगितलं मला.”

“मग माझ्याकडे कशाला आलात?”

“आता दुसऱ्या कुनाकडं जाऊ? कुनाला बी सांगाया गेलं तर त्यो म्हनतो, एकडाव सांगितलंस की सायबाला, सायबानं आयकलं की तुजं. मी आलो न्हवतो ते फकस्त तुमालाच ठाव हाय.” त्यांनी पावती उचलून घडी केली. “सांगायचं राहिलं व्हतं, ते सांगितलं.”

ते गेले. मला लाज वाटली. अशी लाज की मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि रॅकला धरून उभी राहिले. बाहेर कुणीतरी मॅडम, मॅडम म्हणून हाका मारत होतं, एका आडत्याच्या फाईलसाठी.

तरीही मी लगेच काही केलं नाही. हेही लिहिलं पाहिजे. काही महिन्यांनी मी निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल दिली, नारळ दिला, आणि नव्या साहेबांनी भाषणात सांगितलं की मॅडमच्या रेकॉर्डवर आजवर एकदाही कोर्टानं बोट ठेवलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

पेन्शनचा आदेश हातात पडला त्याच आठवड्यात मी वकीलबाईंकडे गेले. माझं धैर्य पेन्शनच्या पाठोपाठ आलं, आधी आलं नाही. त्यांनी मला टोमणा मारला नाही, कॉम्प्युटर उघडला. मी सांगत गेले, त्या टाइप करत गेल्या. सदर तारखेस अपीलार्थी हजर नव्हते. त्यांची सही आधीच्या तारखेस कोऱ्या पानावर घेतलेली होती. त्यांना ऐकले गेले नाही. वरील मजकूर माझ्या हस्ताक्षरात असून तो खोटा आहे. नोटरीकडे जाऊन मी त्याखाली सही केली.

“कोर्टाला फेरविचार करायला सांगता येतं,” वकीलबाई म्हणाल्या. “उशीर झालाय, पण माफीचा अर्ज जोडू. हे प्रतिज्ञापत्र असेल तर मला आशा वाटते. फक्त अर्ज त्यांचा असला पाहिजे. वकीलपत्रावर आणि प्रत्येक पानावर त्यांची सही लागेल.” त्यांनी अर्ज तयार केला, सहीच्या जागी पेन्सिलीनं बारीक फुल्या केल्या आणि लिफाफा माझ्या हातात दिला. “तुम्हीच घेऊन जा.”

गंगाखेडवरून पालमची एसटी, पुढे काळीपिवळी जीप. जन्मभर माणसं माझ्याकडे ज्या वाटेनं येत होती त्या वाटेनं मी पहिल्यांदा गेले, आणि पोचेपर्यंत कंबर मोडली. पत्र्याचं घर, पुढं सारवलेलं अंगण. मामा दारातच होते. त्यांच्या मालकिणीनं पाणी दिलं, चूल पेटवून चहा ठेवला. मोंढ्यातल्या त्या काट्यावर दुसरा मापाडी लागला होता, पण परवाना मिळाला तर समितीला यांना घ्यावंच लागेल, हे मी वकीलबाईंकडून समजून घेतलं होतं. मी सगळं सांगितलं. मग प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. ‘तो खोटा आहे’ हे वाचताना माझा आवाज फाटला.

मी अर्ज पुढे केला, पेन दिला. मामांनी हात पुसून कागद घेतला. फुलीकडे बराच वेळ बघत राहिले.

“म्याडम, तुमी एवड्या दुरून आलाव, लय झालं,” ते म्हणाले. “राग न्हाई तुमच्यावर. पर मी आता सही करत न्हाई. कुठंच.”

“मामा, हा पूर्ण छापलेला कागद आहे. यात कुणी काही घालू शकत नाही. मी शब्द न् शब्द वाचून दाखवते.”

“तुमी खरंच सांगायलाव. मला ठाव हाय.” त्यांनी पेन माझ्या बाजूला ठेवला. “पर हात हलत न्हाई.”

मालकीण चुलीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “कोर्टाचा निकाल लागला त्या दिसापासून न्हाई करत ते. रेशनला अंगठा दितेत मशीनवर, पर कागदावर सही म्हना का अंगठा, उठून जातेत. मुकादमाच्या वहीवर बी मीच करते. लेकीनं शिकवलीय मला.” मग पदराला हात पुसत त्या जवळ आल्या, कागदाकडे बघून त्यांनी विचारलं, “माजी चालंल का म्याडम? मी करू?”

त्यांनी पेन उचललाही. मला सांगावं लागलं की नाही चालणार. परवाना त्यांचा, म्हणणं त्यांचं, सही त्यांचीच लागते. नियम मला तोंडपाठ आहेत.

मी चहा प्याले. मामा जीपपर्यंत सोडायला आले, सीट मिळवून दिली.

लिफाफा माझ्या कपाटात आहे. माझं प्रतिज्ञापत्र खरं आहे, त्यावर माझी सही आहे, शिक्का आहे, पण ते एकटं कोर्टात जाऊ शकत नाही. मी अधूनमधून फोन करते. फोन आता लागतो. ते खुशाली विचारतात, येऊन जा म्हणतात, आणि सहीचा विषय काढला की गप्प होतात. वकीलबाई म्हणतात, समजावून सांगा त्यांना, कोऱ्या पानावर सही करणं चूक होतं, यावर सही न करणंही चूकच आहे. त्यांचं बरोबर आहे. पण हे मामांना मी कोणत्या तोंडानं सांगू?